तीनशे मुली, प्लेगचं पुणं आणि केडगावचा माळ: पंडिता रमाबाईंच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पंडिता रमाबाईंबद्दल बोलायला बसलं की आपल्याकडे सगळं आयुष्य एका दमात सांगायची सवय आहे. १८५८ चा जन्म, कोलकात्याला मिळालेल्या "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत आलेलं वैधव्य, पुणे, इंग्लंड, बाप्तिस्मा, शारदा सदन ही विधवा मुलींची निवासी शाळा, केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं भाषांतर आणि १९२२ ला शेवट. ऐकणाऱ्या बायका "केवढा मोठा त्याग" म्हणून उठतात, आणि उद्या आपल्या वस्तीत एखादी अडलेली बाई दारात आली तर नक्की काय करायचं याबद्दल त्यातून काहीच हाताला लागत नाही. म्हणून आमच्या चर्चच्या महिला मंडळासाठी मी ठरवलं की एकच प्रसंग घ्यायचा आणि तो एखादी केस मांडतात तसा मांडायचा: परिस्थिती काय होती, हातात काय होतं, काय ठरवलं, किंमत काय पडली. प्रसंग १८९६-९७ चा आहे. दुष्काळातून आणलेल्या जवळपास तीनशे मुली, त्याच वेळी पुण्यात शिरलेला प्लेग, आणि या मुलींना शहरात ठेवता येणार नाही असा सरकारचा हुकूम.

त्या वेळी रमाबाईंकडे काय होतं

आधी हे बघूया, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याला वाटतं की त्यांच्याकडे नुसती श्रद्धा होती आणि बाकी सगळं वरून आलं. श्रद्धा होतीच, मी स्वतः श्रद्धावान आहे आणि ती मी कमी लेखणार नाही, पण त्या श्रद्धेच्या जोडीला सात-आठ वर्षांची तयारी पण होती.

शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला सुरू झालं आणि १८९० च्या शेवटी पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतून यायचा. १८८७ ला बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं, म्हणजे १८९८ च्या आसपास ही मुदत संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अट अशी की सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींना आपापल्या चालीरीतीप्रमाणे राहू द्यायचं. मुली बहुतेक ब्राह्मण आणि इतर वरच्या जातींतल्या बालविधवा. इथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, ज्यांनी पुढे १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि आनंदीबाई कर्वे झाल्या.

त्याच १८९३ ला मोठं वादळ झालं. रमाबाई स्वतःची प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली येऊन बसायला लागल्या, आणि पुण्यात ओरड झाली की इथे बाटवाबाटवी चाललीय. केसरीने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर, जे सल्लागार मंडळावर होते आणि ज्यांनी तोपर्यंत पाठराखण केली होती, तेही बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बरं, ज्या गटाने १८८२ ला त्यांना मानाने पुण्यात बोलावलं, आर्य महिला समाजाच्या कामात साथ दिली, तोच गट आता लांब गेला. (जोतीराव फुले होते तोवर त्यांनी मात्र रमाबाईंच्या धर्म बदलण्याच्या हक्काची बाजू जाहीरपणे घेतली होती, त्यांच्या "सत्सार" या पुस्तिकेत ते वाचायला मिळतं. पण ते १८९० लाच गेले.)

तर १८९६ ला हातात काय होतं? पन्नासच्या आतबाहेर मुली, पुण्यातली जागा, संपत आलेली दहा वर्षांची मदत, शहरातल्या प्रतिष्ठितांचा पाठिंबा जवळपास शून्य. आणि एक गोष्ट जी त्या वेळी कोणाच्या फारशी नजरेत नव्हती: केडगावची जमीन. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, त्यांनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती. हेतू साधा होता, अमेरिकेचा पैसा थांबला तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं. तिथे राहण्यासाठी इमारत वगैरे काही नव्हती.

निर्णय

१८९६ चा पाऊस गेला आणि मध्य प्रांतात, म्हणजे आताच्या मध्य प्रदेशाच्या भागात, भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय हे कोणी सांगायची गरज नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण असे तिघं काही काळाच्या अंतराने गेले. हे पुराण सांगत फिरणारं विद्वान कुटुंब होतं, भीक मागायची लाज आणि मजुरीची सवय नाही, त्यामुळे शेवटी जंगलात पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यावर दिवस काढले असं त्यांनीच लिहून ठेवलंय. नंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या अशी दोघं देशभर पायी फिरली.

त्यामुळे १८९६ च्या शेवटाला दुष्काळी भागात गेल्यावर त्यांची नजर बरोबर तिथे गेली जिथे सरकारी अहवालाची जात नव्हती. रिलीफ कॅम्प आहेत, खडी फोडायचं काम आहे, धान्य वाटलं जातंय, हे सगळं होतं. पण एकटी पडलेली दहा-पंधरा वर्षांची मुलगी या सगळ्यात रात्री कुठे झोपते? तिच्या आजूबाजूला कोण घुटमळतंय? आईबाप मेलेल्या किंवा सोडून गेलेल्या मुलींना उचलून विकणारी माणसं, त्यात बायका पण, त्या भागात मोकळी फिरत होती. मुलगा उपाशी असतो तेव्हा तो उपाशी असतो, मुलगी उपाशी असते तेव्हा तिची किंमत ठरवणारा कोणीतरी आलेला असतो. हे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं की मुली आणि तरुण विधवा घ्यायच्या, तीनशेपर्यंत.

तीनशे हा आकडा कुठून आला असं मंडळात विचारलं गेलं. त्याला एक मागची गोष्ट आहे. १८९६ लाच लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या १५ मुली होत्या, तिथे त्यांनी प्रार्थना केली की पुढच्या वेळेपर्यंत १५ चा वर्ग व्हावा, म्हणजे २२५. जागा नाही पैसा नाही आणि बाई २२५ मागतायत, तेव्हाच लोकांना हे वेड वाटलं असेल. मला यात विशेष वाटतं ते हे की नेमका तीनशे नसला तरी मोठा आकडा मनात आधीच होता, दुष्काळाची भीषणता पाहून भावनेच्या भरात सुचला नव्हता. मनात संख्या होती म्हणूनच प्रत्यक्ष वेळ आल्यावर "बघू, जमेल तेवढ्या" असं झालं नाही.

आणि मग प्लेग

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग वाढला. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, रँडसाहेबाची नेमणूक झाली, घराघरात सोजीर शिरायला लागले, ते सगळं आपण शाळेत शिकलोय. १० मार्चला सावित्रीबाई फुले याच प्लेगमधे रुग्णांची सेवा करता करता गेल्या. म्हणजे विचार करा, एकाच शहरात, त्याच दिवसांत, एक बाई पाठीवर रोगी वाहून नेतेय आणि दुसरी आगगाडीने उपाशी मुली आणतेय, आणि आपण या दोघींच्या जयंत्या वेगवेगळ्या हॉलमधे वेगवेगळ्या लोकांसमोर करतो. मला हे फार लागतं.

तर मुली पुण्यात यायला लागल्या तशी अधिकाऱ्यांकडून मनाई झाली, शहरात सदनाच्या आवारात एवढी नवी माणसं ठेवायची नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने हुकूम चुकीचा म्हणता येत नाही, दुष्काळातून आलेली अशक्त पोरं दाटीवाटीने ठेवली असती आणि एकीला गाठ आली असती तर सगळ्याच गेल्या असत्या. पण त्या मुलींना परत कुठे पाठवणार? मागे काही उरलंच नव्हतं.

इथे केडगाव कामाला आलं. फळबागेसाठी घेतलेल्या त्या उघड्या माळावर तंबू पडले, तट्ट्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुलींना तिकडे हलवलं. बागेसाठी घेतलेली जागा वस्तीची जागा झाली. रेल्वे जवळून जात होती म्हणून धान्य, माणसं, औषधं पोचवणं शक्य झालं, नाहीतर त्या काळात तीनशे जणींचं रोजचं जेवण बैलगाडीने पुण्याहून नेणं कल्पनेतसुद्धा अवघड आहे. १८९८ पर्यंत पक्कं बांधकाम झालं आणि "मुक्ती" हे नाव त्या जागेला चिकटलं ते कायमचं.

प्लेगच्या बाबतीत अजून एक सांगितलंच पाहिजे. याच वर्षी रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात सरकारी प्लेग व्यवस्थेवर उघड टीका केली, इस्पितळात नेलेल्या आपल्याकडच्या एका मुलीचं काय झालं याचा जाब विचारला आणि तिथे बायकांची अब्रू सुरक्षित नाही असं स्पष्ट लिहिलं. प्रकरण लंडनला पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने आरोप फेटाळले. ज्यांना पुण्यातले लोक "इंग्रजांच्या बाजूची" म्हणत होते त्या बाईने इंग्रज सरकारला असं अंगावर घेतलं. आणि तेही कधी, तर तीनशे मुली उघड्यावर आहेत आणि सरकारच्या मर्जीची सगळ्यात जास्त गरज आहे तेव्हा. आपल्यातले किती ट्रस्टी असं पत्र पाठवू देतील?

हे चाललं कशावर

माझ्या मते या केसचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते. जमीन होती, रेल्वे होती, देणग्या पुढे येत गेल्या, सगळं खरं. पण उपासमारीतून आलेल्या तीनशे मुलींना सांभाळायला पगारी स्टाफ कुठून आणणार? अशी मुलगी म्हणजे नुसतं भुकेलं पोर नसतं. अंगावर फोड, डोळे आलेले, केसांत उवा, पोटात अन्न टिकत नाही, एकदम जास्त खायला दिलं तर जिवावर बेततं, म्हणून थोडं थोडं द्यायचं आणि तिला वाटतं की हे लोक पण मला उपाशीच ठेवतायत. मग ती भाकरी लपवून ठेवते, दुसरीची हिसकावते, शिव्या देते, पळून जाते. आंघोळ नको म्हणते. कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

या मुलींना सांभाळलं ते शारदा सदनातल्या आधीच्या मुलींनी. ज्या काही वर्षांपूर्वी केस भादरलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या, नवऱ्याला खाल्लं म्हणून शिव्या ऐकलेल्या विधवा म्हणून आल्या होत्या त्याच आता शिक्षिका आणि मेट्रन झाल्या, लहान लहान गट वाटून घेतले, धुणं पुसणं मलमपट्टी केली, अक्षरं शिकवली. ब्राह्मण घरातल्या मुली, ज्यांच्यासाठी सदनात स्वयंपाक सोवळ्याने व्हायचा, त्या शेतमजुरांच्या आणि कुठल्या कुठल्या जातीच्या पोरींचे फोड धूत होत्या. हे १८९७ साल आहे. जातीवर भाषण न देता इतकं मोठं काम त्या काळात पुण्याच्या परिसरात फार कमी ठिकाणी झालं असेल.

आणि हे त्या वेळेपुरतं राहिलं नाही, हीच पद्धत झाली. १९०० च्या गुजरात-काठेवाडच्या दुष्काळातून अजून मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली, तेव्हा १८९७ ला आलेल्या मुली सांभाळणाऱ्या झाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी संध्याकाळी तळाला जायचं आणि सकाळपर्यंत पुन्हा तेवढ्यापुरतं भरायचं असं रमाबाईंनी लिहिलंय, त्यांनी ते देवाची कृपा म्हणून नोंदवलं आणि मीही तसंच वाचते. पण ते पाणी शेंदणारे, मोजून वाटणारे हात त्या मुलींचेच होते. छापखाना मुली चालवायच्या, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती सगळं मुलीच. पुढे कृपा सदन निघालं, ज्या बायकांना समाज "वाया गेलेली" म्हणायचा त्यांच्यासाठी, आणि अंध मुलींना मनोरमाबाई, रमाबाईंची लेक, ब्रेल शिकवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल पण याच छापखान्यात, या बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांवर छापलं गेलं. भाषा त्यांनी मुद्दाम सोपी ठेवली, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला कळावी म्हणून.

सुरुवातीच्या काळात सुंदराबाई पवार यांच्यासारखी पुण्यातली मराठी ख्रिस्ती सहकारी होती, १८९८ पासून मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन मिशनरी आली, त्यामुळे रमाबाई त्या वर्षी मुदत संपलेल्या मदतीचं पुढचं ठरवायला अमेरिकेला जाऊ शकल्या. पण रोजचा भार मुलींवर होता.

अडचणीचा प्रश्न

मंडळात यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ती टाळू नये असं मला वाटतं. ज्या मुलीला मरणातून काढलं, जिला दुसरं घर नाही, ती तुमचा धर्म स्वीकारते तेव्हा ती खरंच मनाने स्वीकारते का? १८९७ नंतर मुक्तीतल्या कितीतरी मुलींनी बाप्तिस्मा घेतला, भीमा नदीत घेतला. त्या काळचे टीकाकार म्हणत होते की भुकेचा फायदा घेतला.

माझं मत सांगते. शारदा सदनात रमाबाईंची स्थिती अवघड होती, अट तटस्थ राहण्याची आणि बाई स्वतः पेटलेली ख्रिस्ती, दार उघडं ठेवलं तरी प्रश्न आणि बंद ठेवलं तरी मन मारणं. पुण्यातल्या पालकांचा राग मी पूर्ण चूक म्हणणार नाही, त्यांना जे सांगितलं होतं आणि जे घडत होतं त्यात फरक होता. मुक्तीत तो फरक राहिला नाही, ही ख्रिस्ती संस्था आहे हे पहिल्या दिवसापासून उघड होतं आणि पैसेही त्याच नावाने मागितले गेले. हिशोब आणि ओळख दोन्ही स्वच्छ झाली. पण एवढ्याने त्या मुलीच्या संमतीचा प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या अनाथ पोरीला नकार देता येतो हे माहीतच नसतं. आज आमच्या मंडळात मदतीला येणाऱ्या बाईला आम्ही पहिल्या भेटीत प्रार्थनेला बसवत नाही, रेशन किंवा फी दिल्यावर उपासनेला ये असं सांगत नाही, तिने विचारलं तर सांगतो. हा नियम या केसवर बोलूनच आम्ही लिहून काढला. काही जणींना तो पटला नाही, अजून वाद आहे.

दुसरी किंमत म्हणजे मुली दगावल्या. सगळ्या वाचल्या नाहीत, दुष्काळाने पोखरलेली शरीरं आणि उघड्यावरची वस्ती, आजारपणं झाली. काही पळून गेल्या. याचं श्रेय-अपश्रेय मांडत बसण्यात अर्थ नाही, पण "तीनशे मुली वाचवल्या" असं एका ओळीत बोर्डावर लिहितो तेव्हा त्या मुलींना आपण विसरतो.

पुढे कोण

शेवटचा मुद्दा आमच्यासारख्या छोट्या मंडळांना सगळ्यात जवळचा. चाळीस वर्षं एक बाई काम ओढते आणि मग पुढे कोण? रमाबाईंच्या मनात वारस ठरलेली होती, मनोरमाबाई. शिकलेल्या, तयार, शाळा बघणाऱ्या. जुलै १९२१ ला त्या आईच्या आधी गेल्या, वय चाळीस. नऊ महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. ज्या संस्थेचा सगळा डोलारा एका व्यक्तीच्या नावावर, तिचं नऊ महिन्यांत दोन्ही छत्र गेलं.

अशा वेळी संस्था सहसा कोसळतात किंवा भांडणात अडकतात. मुक्ती चालू राहिली, लिसा हेस्टी या सहकारी बाईंनी सूत्रं घेतली, आणि आजही केडगावला मिशन आहे, मुली आणि बायका राहतात, शिकतात. कारभार हातात घेणारी व्यक्ती आयत्या वेळी मिळाली हे बरोबर, पण मला विचाराल तर १९२२ च्या एप्रिलमधे चूल पेटली, शाळा भरली, मशीन चाललं ते त्या पंचवीस वर्षांपूर्वी झोपडीत आलेल्या मुलींमुळे, ज्या आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या बाया होत्या आणि ज्यांना प्रत्येक कोठीची किल्ली कुठे असते ते माहीत होतं. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आमच्या मंडळात सध्या किराणा वाटप, दवाखान्यात सोबत, अंत्यविधीची व्यवस्था, तिन्ही कामं एकाच ज्येष्ठ बाईंकडे आहेत आणि त्यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. या केसनंतर प्रत्येक कामाला दोन तरुण मुली त्यांच्याबरोबर जायला लागल्यात, वही आणि फोन नंबर त्यांच्याकडे, निर्णय अजून बाईंचा. वाटपाची यादी गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्या मुलींनी केली, दोन घरं राहिली, ती दुसऱ्या दिवशी जाऊन दिली.